उन्हाळ्याचा फळा: गावच्या वाचनालयात दिनविशेष कसा लिहावा

एका २५ मे रोजी गोव्यातल्या आमच्या वाचनालयाच्या दारातल्या फळ्यावर मी झोकात लिहिलं, ‘आज टॉवेल दिन’. दुपारी नारळ पाडून परतणारे एक आजोबा थांबले, खांद्यावरच्या पंच्याने मान पुसली, फळा वाचला आणि म्हणाले, “हा कोणी ठरवला रे?” मला सांगता येईना. मोबाइलवर आलेल्या यादीत होता, म्हणून उतरवला होता. आजोबा हसले आणि पंचा झटकून चालू लागले.

रात्री शोधलं तेव्हा कळलं. डग्लस अ‍ॅडम्स हा इंग्रज विनोदी विज्ञानलेखक ११ मे २००१ ला वारला. अंतराळात भटकणाऱ्याकडे टॉवेल असलाच पाहिजे, हा त्याच्या लेखनातला गाजलेला विनोद. त्याच्या चाहत्यांनी बरोबर दोन आठवड्यांनी टॉवेल खांद्यावर टाकून त्याची आठवण काढली आणि तेव्हापासून तो दिवस दरवर्षी पाळला जातो. एवढं फळ्यावर असतं, तर आजोबांशी अर्धा तास गप्पा झाल्या असत्या. तेव्हापासून ‘कोणी ठरवला?’ याचं उत्तर वहीत असल्याशिवाय मी खडू हातात घेत नाही. खाली सांगतो ती रीत याच एका प्रश्नावर उभी आहे. वाचनालय, शाळा, देवळाची धर्मशाळा, सोसायटीचा जिना, फळा कुठेही असो, ती चालते.

पहिलं काम: हंगाम आणि वही

बाहेरच्या याद्यांमधला उन्हाळा जूनच्या शेवटी सुरू होतो आणि ऑगस्टभर चालतो. आपल्याकडे मिरग (मृग नक्षत्र) लागला की उन्हाळ्याचा विषय संपला. त्यांच्या ‘समर’च्या दिवसांत आपल्या फळ्यावर शेवाळ धरतं. म्हणून आपला हंगाम आपण ठरवायचा. मी १ एप्रिल ते ३० जून धरतो. शाळांना सुट्टी लागते, मुंबई-पुण्याची पाहुणेमंडळी येतात, काजू आणि आंबा संपत जातो आणि शेवटी सांजावाच्या, म्हणजे २४ जूनच्या सणाच्या, पावसात सगळं भिजतं.

हे ९१ दिवस होतात. शंभर पानी वही घ्या. एका पानाला एक तारीख, उरलेली नऊ पानं ‘फिरत्या’ दिवसांना. एप्रिल उजाडल्यावर धावपळ करू नका, माघ-फाल्गुनातच बसा. रोज रात्री उद्याचं शोधू म्हणणाऱ्याचा फळा दहा दिवसांत यादी उतरवण्यावर येतो. मी त्यातूनच गेलो आहे.

दुसरं काम: दिवस कशाला बांधलेला आहे ते पाहा

काही दिवस तारखेला खिळलेले असतात. १ मे दरवर्षी १ मेच. काही वाराला बांधलेले: मातृदिन मे महिन्याचा दुसरा रविवार, जागतिक हास्य दिन मे महिन्याचा पहिला रविवार, पितृदिन जूनचा तिसरा रविवार. हे गेल्या वर्षीच्या वहीतून तसेच उचलले की चुकलेच म्हणून समजा.

तिसरा गट चंद्राचा, आणि गोव्यात खरी मजा इथेच आहे, कारण आपल्याकडे दोन चंद्र चालतात. शिरगावच्या लईराई देवीची जत्रा वैशाख शुद्ध पंचमीला, म्हणजे पंचांगाच्या हिशेबाने. म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीचं (मेरीमातेचं) फेस्त, म्हणजे चर्चचा उत्सव, ईस्टरनंतर पंधराव्या दिवशी, सोमवारी. ईस्टर म्हणजे २१ मार्चच्या दिवशी किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पुनवेनंतरचा रविवार. लोकपरंपरेत लईराई आणि मिलाग्रीस या सख्ख्या बहिणी. पण एकीचा दिवस पंचांग ठरवतं, दुसरीचा चर्च. २०२५ मध्ये जत्रा २ मे रोजी आणि फेस्त ५ मे रोजी आलं. २०२६ च्या हिशेबात फेस्त २० एप्रिलला आणि जत्रा दुसऱ्याच दिवशी. २०२७ मध्ये मात्र ईस्टर मार्चमध्येच उरकतो, वैशाख मे महिन्यात सरकतो आणि दोघी बहिणींमध्ये जवळजवळ महिन्याचं अंतर पडतं. हे तीन वर्षांचं कोष्टक मी एकदा फळ्यावर काढलं होतं. आजवर सर्वांत जास्त फोटो त्याचे काढले गेले.

म्हणून फिरत्या दिवसांसाठी घरात भिंतीवरचं मराठी कॅलेंडर हवंच, आणि जवळच्या इगर्जीतून (चर्चमधून) त्या वर्षीच्या फेस्तांच्या तारखा विचारून घ्या. अधिक महिना असेल तर वहीच्या पहिल्या पानावर ठळक लिहा. २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक आहे, त्यामुळे त्यानंतरची वटपौर्णिमा आणि पुढचे सगळे सण उशिराने येतात.

तिसरं काम: चाळणी

आता प्रत्येक पानावर सापडेल ते लिहा आणि शेजारी एक रकाना आखा, ‘कोणी ठरवला?’ तो भरताना दिवसांचं वजन आपोआप कळतं.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ठराव करून दिलेले दिवस वजनदार. सायकल दिन ३ जून, २०१८ चा ठराव. मधमाशी दिन २० मे, स्लोव्हेनियाच्या आग्रहामुळे, आंतोन यान्शा या अठराव्या शतकातल्या मधुमक्षिकापालकाच्या आठवणीसाठी. चहा दिनाची गंमत अशी की भारतासह काही देश तो आधी १५ डिसेंबरला पाळत, संयुक्त राष्ट्रांनी २१ मे धरला. जुन्या यादीत एक तारीख आणि नवीन यादीत दुसरी दिसली तर दोघीही खोट्या नसतात. ठरवणारा बदललेला असतो.

मग एकेकट्या माणसांनी सुरू केलेले. हास्य दिन मुंबईच्या डॉ. मदन कटारियांचा. त्यांनी १९९५ मध्ये बागेत मूठभर लोक जमवून हास्यक्लब काढला आणि तिथून तो जगभर गेला. मातृदिन अमेरिकेतल्या अ‍ॅना जार्व्हिसचा. पहिला सोहळा १९०८ मध्ये, सरकारी मान्यता १९१४ मध्ये. पुढे फुलवाल्यांनी आणि कार्डवाल्यांनी त्याचा बाजार केला, तेव्हा हीच बाई आपण सुरू केलेल्या दिवसाविरुद्ध उरलेलं आयुष्य भांडत राहिली. ही माहिती मी मातृदिनाच्या फळ्यावर लिहितोच, आणि लोक थांबून वाचतात.

तिसरे, ज्यांचा धनी सापडतच नाही. २२ जुलै घ्या. याद्यांमध्ये तो भारताचा ‘राष्ट्रीय आंबा दिन’. कोणी ठरवला, मला आजतागायत मिळालेलं नाही, आणि गोव्यात २२ जुलैला आंब्याची बाटसुद्धा रुजून वर आलेली असते. त्याच तारखेला गणितवाले ‘पाय’ (π) या संख्येचा दिवस पाळतात, कारण तिची जवळची किंमत २२/७. त्यांचा प्रसिद्ध दिवस १४ मार्चचा (३.१४), पण तो अमेरिकेत महिना आधी लिहितात म्हणून जमतो. आपल्या पद्धतीने लिहिलं तर २२/७ हाच आपला. आणि याच दिवशी, १९४७ मध्ये, संविधान सभेने तिरंगा राष्ट्रध्वज म्हणून स्वीकारला. तीन दिवस, एक तारीख. तिरंगा ठळक, पाय बारीक, आंब्याला फुली.

आंब्याचं वाईट वाटून घेऊ नका. मानकुरादचा भाव सामान्य माणसाच्या आवाक्यात येईल तो आमचा आंबा दिन, असं आम्ही ठरवून टाकलं आहे. तारीख बाजार ठरवतो. फळ्यावर तसं स्पष्ट लिहितो.

काही दिवस चाळणीत हसण्यासाठीच ठेवावेत. मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी जगात कुठे कुठे ‘विवस्त्र बागकाम दिन’ पाळतात. ज्याला काजूच्या बागेतले हुमले (लाल मुंग्या) एकदा चावले आहेत, त्याला यावर वेगळी टिप्पणी लागत नाही.

चौथं काम: तारीख तपासणं

२३ एप्रिल हा युनेस्कोचा पुस्तक दिन. शेक्सपिअर आणि सर्व्हांतेस दोघेही २३ एप्रिल १६१६ ला गेले, असं हमखास फिरतं. स्पेन तेव्हा नव्या ग्रेगोरियन कॅलेंडरवर गेला होता, इंग्लंड अजून जुन्या ज्युलियनवर होतं. दोघांत दहा दिवसांचा फरक. तारीख जुळली तरी दिवस जुळत नाही.

हे दूरचं वाटत असेल तर रायगडावर या. शिवराज्याभिषेकाची तारीख आपण ६ जून १६७४ लिहितो. ती इंग्रजांच्या जुन्या कॅलेंडरची. मुंबईहून त्यांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन समारंभाला हजर होता. पोर्तुगालने मात्र १५८२ मध्येच नवं कॅलेंडर घेतलेलं, म्हणून त्याच दिवशी पोर्तुगीजांच्या गोव्यात १६ जून होता. तिथी विचाराल तर ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६. ६ जूनच्या पानावर मी तिन्ही लिहितो. एकदा दोन तरुण तारीख की तिथी यावरून फळ्यासमोरच वाद घालत होते. तिसरी तारीख वाचून दोघेही गप्प झाले.

साधा नियम: १७५२ च्या आधीची घटना इंग्रजी कागदांतून आली असेल, तर तारीख कोणत्या कॅलेंडरची ते पाहिल्याशिवाय लिहू नका. त्या वर्षी इंग्लंडने कॅलेंडर बदललं, २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर आला. जन्म-मृत्यूच्या तारखा दोन स्वतंत्र ठिकाणी जुळायला हव्यात, आणि एकाच मजकुराची दहा ठिकाणी झालेली नक्कल म्हणजे दहा ठिकाणं नव्हेत. पणजीला पाटो भागातल्या कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयात एक दिवस काढा. १८३२ साली स्थापन झालेली ही संस्था आहे. गोव्यातल्या माणसांविषयी मोबाइलवर मिळत नाही ते तिथे चरित्रकोशात आणि जुन्या वर्तमानपत्रांत मिळतं.

पाचवं काम: गावाशी गाठ मारणं

इथे सर्वांत जास्त वेळ घालवा. जगाचा दिवस आपल्या अंगणात कुठे उतरतो, ते शोधायचं.

२३ मे जागतिक कासव दिन, अमेरिकेतल्या एका कासवप्रेमी संस्थेने २००० पासून सुरू केलेला. आपल्याकडे मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबागच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, आणि मे म्हणजे त्या हंगामाची अखेर. गेल्या महिन्या-दोन महिन्यांत कोणी पिल्लं समुद्रात जाताना पाहिली असतील, तर त्या माणसाचे दोन शब्द फळ्यावर घ्या.

१३ मे कॉकटेल दिन. कारण १८०६ मध्ये याच तारखेला अमेरिकेतल्या एका पत्राने ‘कॉकटेल’ म्हणजे काय ते छापलं: दारू, साखर, पाणी आणि कडू अर्क. वाचनालयाच्या दारात हे लिहावं की नाही, यावर आमच्या समितीत दोन तट आहेत. मी मधला मार्ग काढला. त्या दिवशी काजूच्या बोंडूपासून निरो हा रस आणि हुर्राक, फेणी ही दारू कशी होते ते लिहितो. फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेही. लिंबू-सोड्याचा उल्लेख टाळतो. वाचणाऱ्यांना तो माहीत असतो.

आणि काही दिवस असे की जगाच्या कुठल्याच यादीत नाहीत. साळावली धरणाचं पाणी मे महिन्यात उतरलं की बुडालेलं कुर्डी गाव वर येतं. गायिका मोगूबाई कुर्डीकरांचं गाव ते. विस्थापित झालेली माणसं तिथे परत जातात, देवाला आणि सायबिणीला भेटतात, घरांचे चौथरे दाखवतात, आणि पाऊस सुरू झाला की गाव पुन्हा पाण्याखाली. याला तारीख नाही, पाण्याची पातळी आहे. तसंच पुरुमेंताचं. पावसाळ्याची बेगमी, सुकी मासळी, मिरची, मीठ, कोकम. मडगाव-म्हापशाची पुरुमेंत फेस्तं फेस्ताच्या दिवसांभोवती भरतात. तुमच्या गावात असे कोणते दिवस आहेत, ते सत्तरीच्या पुढच्या तीन बायकांना विचारा. पुरुष साल सांगतात, बायका ‘कशानंतर’ ते सांगतात, आणि तेच उपयोगी पडतं.

सूर्याने ठरवलेला दिवस

‘कोणी ठरवला?’ याचं उत्तर ‘कोणीच नाही’ असं येणारा एक दिवस आपल्याकडे आहे, आणि मुलांसाठी याहून चांगला मला माहीत नाही. सूर्य वर्षातून दोनदा आपल्या डोक्यावर काटकोनात येतो. गोव्यात पहिला योग १ ते ४ मेच्या दरम्यान, काणकोणला आधी, पणजीला साधारण २-३ मे रोजी, पेडण्याला त्यानंतर. दुसरा ऑगस्टमध्ये, पण तेव्हा आभाळ साथ देत नाही.

करायचं असं. वाचनालयाच्या अंगणात सपाट जागा पाहा, थाळीत पाणी घालून सपाटी तपासा. पांढरा कागद पसरा आणि त्यावर झाकण काढलेली सरळसोट बाटली किंवा स्टीलचा सरळ पेला उभा ठेवा. खाली निमुळता होणारा पेला चालत नाही. बारा वाजल्यापासून दर पाच मिनिटांनी सावलीचं टोक पेन्सिलने टिपा. सावली सर्वांत लहान बारा वाजता होत नाही, साडेबारानंतर मिनिट-दोन मिनिटांत होते. आपलं घड्याळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेखांशावर लावलेलं आहे आणि गोवा त्याच्या बराच पश्चिमेला. त्या क्षणी पेल्याची सावली पेल्याखाली जाते. चारही दिवस करा, म्हणजे तुमच्या गावाचा नेमका दिवस सापडेल. मुलांना टोप्या घालायला लावा आणि कोकमचं सरबत तयार ठेवा. पाच-सहा वर्षांचं एक पोर एकदा स्वतःची सावली शोधत गोल गोल फिरलं आणि मग रडायला लागलं. त्याची समजूत काढायलाही कोणीतरी ठेवा.

सहावं काम: लिहिणं

आमचा फळा लहान, सात ओळींचा. वर तारीख आणि तिथी. मग एकच मुख्य दिवस, तीन ओळींत: काय, कोणी ठरवला, आपला काय संबंध. खाली एक बारीक ओळ दुसऱ्या दिवसासाठी. शेवटी एक प्रश्न, ज्याचं उत्तर वाचनालयातल्या एखाद्या पुस्तकात सापडेल. एका तारखेवर पाच गोष्टी कोंबू नका. मी पूर्वी कोंबायचो आणि लोक फक्त वाढदिवस पाहून पुढे जायचे.

नमुना म्हणून ३१ मे:

‘आज आबे फारिया यांचा जन्मदिवस. कांदोळी, १७५६. संमोहन जादूने होत नाही, समोरच्याच्या मनाच्या एकाग्रतेतून आणि सूचनेतून होतं, हे पॅरिसमध्ये सांगणारा गोंयकार. पणजीला जुन्या सचिवालयाशेजारी त्यांचा पुतळा आहे. बारीक ओळ: जागतिक तंबाखूविरोधी दिन, जागतिक आरोग्य संघटना. प्रश्न: पुतळा घडवणारा शिल्पकार कोण?’

उत्तर रामचंद्र पांडुरंग कामत. पहिलं उत्तर आणणाऱ्याला दुसऱ्या दिवशीचा फळा लिहायला देतो. खडू ओला करून लिहिलात तर अक्षर ठसठशीत उठतं.

२४ एप्रिलला दरवर्षी भांडण होतं. १९४२ मध्ये त्या दिवशी मास्टर दीनानाथ मंगेशकर गेले, मूळचे आपल्या मंगेशीचे. १९७३ मध्ये सचिन तेंडुलकर जन्मला. मुलांना सचिन हवा. मी मोठा फळा दीनानाथांना देतो आणि सचिनची ओळ मुलांकडून लिहून घेतो. ती कायम जास्त मोठ्या अक्षरांत असते.

जड तारखा

शिरगावच्या जत्रेत मे २०२५ मध्ये चेंगराचेंगरी झाली, भाविक गेले. लईराईच्या फळ्यावर मी आता धोंडांच्या (देवीच्या व्रतस्थ भक्तांच्या) व्रताबद्दल आणि होमकुंडाबद्दल लिहितो, त्याखाली त्या रात्रीची एक साधी ओळ, आणि त्या दिवशी प्रश्न ठेवत नाही. तसंच ५ जुलै १९८६ ला मांडवीचा पूल कोसळला, हे हंगामाबाहेरचं, पण कोणी विचारलं तर वहीत आहे.

भाषेच्या तारखांनाही डगमगू नये. ९ एप्रिल कोंकणी लेखक शणै गोंयबाबांचा स्मृतिदिन, २३ जून जन्मदिन, डिचोलीचे. मराठी वाचनालयाच्या फळ्यावर ते कशाला, असं म्हणणारे भेटतात. तारीख त्यांची आहे, मी लिहितो.

जूनची गर्दी

मे महिन्यात रिकामी पानं भरपूर मिळतात. ती रिकामीच राहू द्या, त्या दिवशी नुसती तिथी आणि बाजारभाव लिहा. ३० मेपासून मात्र रांग लागते. ३० मे १९८७ रोजी गोवा देशाचं पंचविसावं राज्य झालं. ४ जून बौद्ध विद्येचे पंडित धर्मानंद कोसंबींचा स्मृतिदिन, साखवाळचे, १९४७ मध्ये सेवाग्रामला अन्नत्याग करून गेले. ७-८ जूनला मिरग. १८ जून १९४६ ची गोवा मुक्तीसाठीची मडगावची सभा, डॉ. लोहिया आणि असोळण्याचे डॉ. ज्युलियांव मिनेझिस, भर पावसात. २१ जूनला योग आणि संगीत एकत्र येतात. संगीत दिन फ्रान्समधला, १९८२ पासूनचा. आम्ही त्या दिवशी पेटी बाहेर काढतो.

२४ जूनला सांजाव. बायबलप्रमाणे जुवांव (बाप्तिस्मा देणारा संत जॉन) येशूहून सहा महिन्यांनी मोठा, म्हणून नाताळाच्या सहा महिने आधी. आईच्या पोटात त्याने आनंदाने उडी मारली, म्हणून आपण विहिरीत. डोक्याला कोपेल (फुलापानांचा मुकुट), जावयाला मान. ‘कोणी ठरवला?’ याचं इतकं नेटकं उत्तर क्वचितच मिळतं. विहीर खोल असेल आणि पोहता येत नसेल तर काठावरून ‘व्हिवा सांजाव’ म्हणा, चालतं. २९ जूनला कोळी बांधवांचा सांगोड, होड्या जोडून केलेला तराफा. आणि त्याच तारखेला, १९६६ मध्ये, धर्मानंदांचे पुत्र दामोदर कोसंबी गेले.

३० जूनचं पान मी कोरं ठेवतो. तोवर खडू दमट होऊन तुटायला लागलेला असतो. फळा पुसून, कोरडा करून आत आणतो, मागे वर्तमानपत्राचे दोन थर लावतो आणि वही कपाटात वरच्या खणात ठेवतो, वाळवी लागत नाही तिथे. २५ मेच्या पानावर आता पंच्याचं चित्र आहे. आजोबांनी स्वतःच काढलं.